ठाण्याहून एका दिवसात: कार्ल्याच्या खांबांवरचे यवन

ठाण्यातून एकविरेला जाणाऱ्यांची गणती नाही. कोळीवाड्यांतून पालख्या निघतात, नवस फेडायला घरंच्या घरं जातात, नवं जोडपं पाया पडायला जातं. देवळासमोर दर्शनाची रांग असते. त्या रांगेपासून काही पावलांवर, कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या प्रार्थनागृहाच्या, आत, दोन हजार वर्षांपूर्वी यवनांनी दान दिलेले खांब उभे आहेत. दान कुणाचं, हे खांबांवरच कोरलेलं आहे. बहुतेक माणसं आत एक फेरी मारतात, छताकडे बघतात, फोटो काढतात आणि खाली उतरतात. अक्षरं तिथेच राहतात.

प्राचीन ग्रीकांच्या खुणा बघायला अथेन्सलाच जायला हवं असं नाही. ठाणे किंवा नवी मुंबईहून सकाळी निघून रात्री घरी येता येईल एवढ्या अंतरावर त्या आहेत. फक्त त्या संगमरवरी खांबांच्या आणि पुतळ्यांच्या रूपात नाहीत, तर ब्राह्मी या प्राचीन लिपीच्या छोट्या अक्षरांत आहेत. त्यासाठी थोडी तयारी लागते, आणि ती नसेल तर दिवस वाया जातो. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी 'यवन' या शब्दाबद्दल, कारण मराठी वाचकाची पहिली चूक इथेच होते. बखरींमुळे आपल्या कानाला यवन म्हणजे मुसलमान अशी सवय झाली आहे. हा अर्थ फार नंतरचा. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या आयोनिया प्रांतातले ग्रीक इराण्यांच्या ओळखीचे होते. ते त्यांना 'यौना' म्हणत. तिथून पालीत 'योन' आणि प्राकृत-संस्कृतात 'यवन' झालं. कार्ल्याचे लेख इस्लामच्या जन्माआधी पाचेकशे वर्षांचे आहेत. तिथला यवन म्हणजे ग्रीक, किंवा जरा सैल अर्थाने पश्चिमेच्या समुद्रावरून आलेला, ग्रीक बोलणाऱ्या जगातला माणूस. इजिप्तमधल्या बंदरांतून निघणारे व्यापारी त्यातच आले.

हे लोक इथे कसे, याचं उत्तर ठाण्याच्या खाडीच्या आसपासच मिळतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या खलाशाने किंवा व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची समुद्रप्रवासाची टिपणं लिहिली. इजिप्तहून भारताकडे जहाजं जुलैच्या सुमारास सोडावीत, म्हणजे नैर्ऋत्य मोसमी वारा पाठीशी मिळतो, असा व्यवहारी सल्ला त्यात आहे. आपल्या किनाऱ्यावरची 'सुप्पारा' म्हणजे सोपारा, 'कल्लिएना' म्हणजे कल्याण आणि 'सेमुल्ला' म्हणजे चौल ही बंदरं त्यात नावानिशी येतात. कल्याणबद्दल तो लिहितो की पूर्वी ही रीतसर बाजारपेठ होती, पण आता चुकून एखादं ग्रीक जहाज तिथे लागलं तर त्याला पहारा देऊन भडोचला नेतात. दख्खनचे सातवाहन राजे आणि त्यांचे शक प्रतिस्पर्धी, क्षहरात क्षत्रप, यांच्यात व्यापारावरून चाललेली ओढाताण एवढ्या एका वाक्यात दिसते. बंदरांवरून माल घाटावर चढायचा तो नाणेघाट, बोरघाट अशा वाटांनी. त्या वाटांच्या डोक्यावर लेणी आहेत. भिक्षूंना दान देणाऱ्यांत सुतार आहेत, गंधी म्हणजे सुगंधी द्रव्यांचे व्यापारी आहेत, श्रेष्ठी म्हणजे मोठे सावकार-व्यापारी आहेत, आणि यवनही आहेत.

आता जाण्याचं. ठाण्याहून कार्ला रस्त्याने ९० किलोमीटरच्या आसपास आहे. ऐरोलीमार्गे किंवा मुंब्रा बायपासने कळंबोली गाठायची, एक्स्प्रेसवे धरायचा, घाट चढून लोणावळ्याला बाहेर पडायचं आणि जुन्या पुणे हायवेने सात-आठ किलोमीटरवर कार्ला फाट्याला डावीकडे वळायचं. वाहतूक नसेल तर दोन तास लागतात, पण त्यासाठी ठाणे सकाळी साडेसहाच्या आत सोडायला हवं. शनिवारी-रविवारी आठनंतर निघालात तर घाटातच दुपार होते. नवी मुंबईकरांचा अर्धा तास वाचतो.

रेल्वेने जाणं मला जास्त पसंत आहे. इंद्रायणी किंवा डेक्कन एक्स्प्रेस ठाण्याला पकडायची, लोणावळ्याला उतरायचं आणि तिथून पुणे लोकलने पुढचंच स्टेशन, मळवली. मळवलीच्या दक्षिणेला भाजे, चालत अर्धा तास. उत्तरेला कार्ला, तिथे रिक्षा करावी लागते. एक गोष्ट ध्यानात ठेवा: लोणावळा-पुणे लोकल दुपारी फार विरळ असतात. सकाळी उशीर झाला तर लोकलची वाट बघू नका, लोणावळ्याहूनच सरळ रिक्षा ठरवा. गाड्यांच्या वेळा बदलत असतात, आदल्या दिवशी एकदा बघून घ्या.

वार निवडताना रविवार आणि मंगळवार टाळा. नवरात्र आणि चैत्रातली यात्रा असेल तर लेणं बघायचा विचारच सोडा, त्या दिवसांत डोंगर देवीच्या भक्तांचा असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतो, पण शेवाळलेल्या पायऱ्यांवर पाय घसरतो आणि आत इतका काळोख असतो की अक्षरं शोधणं कठीण होतं.

दिवसाचा क्रम असा ठेवा: सकाळी भाजे, जेवण, दुपारी कार्ला. बरेच जण उलटं करतात आणि तिथेच फसतात. कार्ल्याचं चैत्यगृह पश्चिमाभिमुख आहे. सकाळी सूर्य डोंगराच्या मागे असतो आणि आत फक्त मंद उजेड असतो. दुपारी दोननंतर दर्शनी भागावरच्या घोड्याच्या नालासारख्या मोठ्या गवाक्षातून प्रकाश आत सरकायला लागतो आणि खांब उजळतात. देवीच्या दर्शनाची गर्दीही तोवर ओसरलेली असते. मात्र पाचला दार बंद होतं आणि तिकीट त्याआधीच मिळेनासं होतं, म्हणून दोन वाजता वर पोचलेलं बरं. तिकीट सध्या माणशी २५ रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना नाही. पायथ्यापासून साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. गाडी अर्ध्या डोंगरापर्यंत जाते. वयस्कर माणसं बरोबर असतील तर वरच्या वाहनतळापर्यंत गाडी न्या.

सामानात तीन गोष्टी हव्यातच: हातात मावेल अशी एलईडी विजेरी, पाण्याची बाटली, आणि ब्राह्मीची दहा अक्षरं मोठ्या आकारात काढलेला एक कागद. खाण्याच्या पिशव्या उघड्या नेऊ नका, माकडं हिसकावतात.

चैत्यगृहासमोर डाव्या हाताला सिंहस्तंभ आहे, वर चार सिंह. गोतीचा मुलगा महारठी अग्निमित्रणक याचं हे दान, असं त्यावर लिहिलेलं आहे. ओसरीत आणखी एक लेख आहे, तो आवर्जून शोधा: वैजयंतीच्या, म्हणजे बनवासीच्या, भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केलं, 'जंबुदिपम्हि उतमं'. जंबुद्वीपातलं सर्वोत्तम. आत पाऊल टाकलं की हा दावा पोकळ वाटत नाही. सुमारे १२४ फूट लांबी, ४५ फूट रुंदी, ४६ फूट उंची, आणि वर सागवानाच्या कमानी, ज्या लेण्याइतक्याच जुन्या आहेत. दोन हजार वर्षांचं लाकूड डोक्यावर असलेली जागा जगात फार थोडी असेल.

खांब एकूण ३७. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा आणि स्तूपामागे अर्धवर्तुळात सात. मागचे सात साधे, अष्टकोनी. बाजूच्या खांबांना खाली घटाचा आकार, मध्ये अष्टकोनी दंड, वर उलटी घंटा आणि त्यावर बसलेले हत्ती, त्यांच्यावर स्वार जोडपी. लेख शोधायचे ते या बाजूच्या खांबांच्या दंडांवर, पैलूंच्या सपाट पृष्ठभागावर.

इथे विजेरीचं तंत्र कळीचं आहे. समोरून झोत टाकला तर कोरीव अक्षर नाहीसं होतं, दगड नुसता पांढरा दिसतो. विजेरी खांबाच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून, बाजूने, आडवी धरायची. मग प्रत्येक खाचेच्या एका कडेला सावली पडते आणि अक्षर वर उठून येतं. हळूहळू डावीकडून, मग उजवीकडून, मग खालून असा झोत फिरवा. एकाच अक्षराची उभी रेघ एका दिशेने दिसते आणि आडवी दुसऱ्या दिशेने. दोघं असाल तर एकाने विजेरी धरावी, दुसऱ्याने फोटो काढावा. फोनचा फ्लॅश बंदच ठेवा, तो समोरूनच पडतो. अक्षर स्पष्ट दिसावं म्हणून खडू घासणं, पाणी ओतणं, बोट फिरवणं हे काहीही करू नका. घामाच्या हातांनीही ही अक्षरं झिजतात.

आता ओळखायची अक्षरं. सगळी ब्राह्मी शिकायची गरज नाही. शोधायचा पहिला शब्द 'धेनुकाकटा', कारण यवन दात्यांपैकी बहुतेक जण हे आपलं गाव सांगतात. ध हा इंग्रजी डी सारखा, एका बाजूला सरळ आणि दुसऱ्या बाजूला फुगीर, वर ए-काराची छोटी रेघ. पुढचा नु म्हणजे उलटा टी आणि त्याखाली उकाराची बारीक रेघ. मग येतात शेजारी-शेजारी दोन अधिक चिन्हं: का आणि क. ब्राह्मीत क हा अधिक चिन्हासारखाच असतो, फक्त या काळात त्याची खालची काठी जरा लांबते. पहिल्या अधिकाला वर काना म्हणून एक छोटी आडवी रेघ असते. शेवटी ट, एका बाजूने उघडं अर्धवर्तुळ. नजर दगडावरून फिरवताना दोन अधिक चिन्हं एकापाठोपाठ दिसली की थांबा. बहुतेक वेळा तुम्ही योग्य ठिकाणी असता.

धेनुकाकटा सापडलं म्हणजे यवन सापडला असं मात्र नाही. त्याच गावचा सुतार सामि आणि गंधी सिंहदत्त हेही इथल्या लेखांत आहेत. म्हणून लगेच पुढचे चार वर्ण बघायचे: य-व-न-स. य म्हणजे तीन दातांचं, मधला दांडा उंच असलेलं अक्षर, त्रिशुळासारखं. व म्हणजे खाली गोळा किंवा त्रिकोण आणि वर उभी काठी. न म्हणजे उलटा टी. मग आकड्यासारखा वळलेला स. 'यवनस' म्हणजे यवनाचं. लेखाच्या शेवटाकडे 'थभो दानं' असतं, स्तंभ दान दिला. त्यातला थ ओळखायला सर्वांत सोपा: वर्तुळ आणि मध्ये टिंब. अनेकांना पहिल्यांदा हाच दिसतो. तिथून उलट मागे वाचत गेलात तरी चालेल.

एक पूर्ण लेख असा आहे: 'धेनुकाकटा यवनस सिहधयान थंभो दानं'. धेनुकाकटाच्या यवन सिंहध्वजाचा स्तंभ, दान. बस्स, एवढंच. आणखी लेखांत यसवधन म्हणजे यशोवर्धन, चुलयख, धम्म अशी नावं येतात. एक यवन, वितसंगत, धेनुकाकटाचा नाही, उमेहनाकट नावाच्या गावचा आहे. यवनांची अशी आठ-नऊ दानं या एका चैत्यगृहात आहेत.

नावं वाचून पहिला प्रश्न पडतो की हे ग्रीक कसले, नावं तर आपली आहेत. इथे थोडं थांबण्यासारखं आहे. अलेक्झांडर नाही, दियोनिसस नाही. बौद्ध उपासक होताना किंवा इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिल्यावर त्यांनी इथली नावं घेतली, भाषा प्राकृत घेतली, लिपी ब्राह्मी घेतली. आणि तरीही दगडावर आपली ओळख सांगताना 'यवन' हा शब्द गाळला नाही. व्याकरणाकडे बारीक बघितलं तर आणखी एक गोष्ट दिसते. 'यवनस' हे एकवचन आहे आणि 'सिहधयान' हे रूप अनेकवचनी वाटतं. म्हणून काही अभ्यासक सिंहध्वज हे व्यक्तीचं नाव न मानता कुळाचं किंवा गटाचं मानतात, 'सिंहध्वजांपैकी यवनाचं दान'. मला हे वाचन जास्त पटतं, कारण यसवधनाच्या लेखातही हीच ठेवण आहे.

धेनुकाकटा नेमकं कुठे होतं यावर मतं वेगवेगळी आहेत. इतिहासकार दा. ध. कोसंबी यांनी ते कार्ल्याजवळच असल्याचं मांडलं, इतरांनी आंध्रातल्या धरणिकोटापर्यंत त्याचा माग काढला. कोसंबींचं म्हणणं मान्य केलं तर ही यवनांची वस्ती घाटमाथ्यावर, व्यापाराच्या वाटेवर बसलेली ठरते, आणि एका लेण्यात त्यांची एवढी दानं का, याचा उलगडा होतो.

याच खांबांत ठाणेकरांनी शोधावा असा आणखी एक आहे. सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या, धम्मुत्तरीय या बौद्ध पंथाच्या भाणकाने, म्हणजे धर्मग्रंथ मुखोद्गत म्हणणाऱ्या भिक्षूने, एक खांब दिला आणि त्यात पवित्र अस्थी ठेवल्या. त्या खांबावर कमळ कोरलेलं आहे आणि त्यात अस्थींसाठी केलेला खळगा आहे. नालासोपाऱ्याहून निघालेला माणूस आणि यवन व्यापारी एकाच रांगेत उभे आहेत.

बाहेर पडताना ओसरीतला उषवदाताचा लेख बघा. नहपान क्षत्रपाचा हा जावई, त्याने वलूरकाच्या, म्हणजे याच लेण्यांतल्या, भिक्षूंना करजिक गाव दिलं. या नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर त्याचं नाव ग्रीक अक्षरांतही आहे. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा साठा सापडला, त्यातल्या बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप पुन्हा मारलेला होता. त्याच गौतमीपुत्राचं वर्णन नाशिकच्या लेखात 'शक-यवन-पल्हव-निसूदन', त्यांचा नाश करणारा, असं येतं. एकीकडे प्रशस्तीत यवनांचा नाश आणि दुसरीकडे लेण्यांत यवनांची दानं. राजाच्या लेखावरून समाजाचा अंदाज बांधू नये, हे कार्ल्याच्या खांबांसमोर उभं राहून जितकं कळतं तितकं पुस्तकातून कळत नाही.

भाज्याबद्दल थोडक्यात. हे लेणं कार्ल्याहून जुनं, इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या आसपासचं. चैत्यगृहाचे खांब आत कललेले आहेत, कारण कारागिरांच्या डोळ्यांसमोर लाकडी बांधकाम होतं. दक्षिणेच्या टोकाला असलेल्या विहाराच्या ओसरीत चार घोड्यांच्या रथातला देव कोरला आहे. बहुतेक जण त्याला सूर्य म्हणतात, आणि चार घोड्यांच्या रथावरून ग्रीक सूर्यदेव हेलिओसशी नातं जोडलं जातं. मी एवढं ठामपणे म्हणणार नाही. शेजारच्या शिल्पातला हत्तीवरचा देव आणि एकूण कथा पूर्णपणे इथल्या मातीतली दिसते. पण शिल्प जवळून बघण्यासारखं आहे, सकाळच्या सावलीतही नीट दिसतं. भाज्याला दीड तास पुरतो.

गाईड किंवा ओळखीचे लोक सांगतात त्या दोन गोष्टी तपासून घ्या. एक, कार्ल्याचे घंटेच्या आकाराचे खांब ग्रीक शैलीचे आहेत. तसं नाही. ही घंटा इराणी-मौर्य परंपरेतून आली आहे. ग्रीक डोरिक किंवा आयोनिक खांबांशी तिचं काही नातं नाही. दोन, लेणं पांडवांनी एका रात्रीत खोदलं. खांबाखांबावर दात्यांची नावं असताना ही गोष्ट मुलांना सांगण्याऐवजी नावं वाचून दाखवा. मात्र एका खांबाच्या शीर्षावर स्फिंक्ससारखा, माणसाचं तोंड आणि सिंहाचं अंग असलेला प्राणी आहे, तो जरूर शोधा. मधल्या दालनातून शीर्षांची दर्शनी बाजूच दिसते, म्हणून बाजूच्या अरुंद मार्गिकेत शिरून वर बघत चाला.

याच दिवशी सोपारा उरकायचा मोह आवरा. दिशा वेगळी, वाट वेगळी. घोडबंदर रस्त्याने वसईमार्गे तो स्वतंत्र अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम आहे. सोपाऱ्याच्या स्तूपाचं उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये केलं. तिथे मिळालेला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. 'महावंस' हा श्रीलंकेतला पाली इतिहासग्रंथ सांगतो की अशोकाच्या काळात अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, धर्मप्रसाराला जो भिक्षू पाठवला गेला तो 'योन' धम्मरक्खित होता. एक ग्रीक भिक्षू. कल्याणला मात्र ग्रीक अवशेष शोधत फिरू नका. बंदराचं नाव पेरिप्लसमध्ये आहे, जमिनीवर बघण्यासारखं त्या काळातलं काही उरलेलं नाही.

कार्ला नीट झालं की पुढचा टप्पा जुन्नर. कल्याण, मुरबाड, माळशेज या वाटेने जायचं आणि एका मुक्कामाची तयारी ठेवायची. तिथे इरिल, चिट आणि चंद या तीन यवनांची दानं आहेत. इरिलाने पाण्याची दोन टाकी खोदवली आणि चिटाने भिक्षूंसाठी भोजनमंडप. इरिल हे नाव प्राकृतात सहज बसत नाही, त्यामुळे अभ्यासकांचं लक्ष त्याच्याकडे जास्त जातं. नाशिकच्या पांडवलेण्यांत सतराव्या लेण्यात दत्तामित्री गावचा, उत्तरेकडून आलेला योनक (यवन) इंद्राग्निदत्त, धम्मदेवाचा मुलगा, भेटतो.

परतीसाठी कार्ल्याहून साडेचारला उतरायला लागा. मळवलीपेक्षा लोणावळ्याला जाणं बरं, तिथे मुंबईकडच्या गाड्या जास्त थांबतात आणि संध्याकाळी इंद्रायणी मिळते. रविवारी रस्त्याने परतत असाल तर संध्याकाळी पाच ते नऊ घाटात उतरूच नका. कार्ला फाट्यावर चहा घेत बसा आणि दिवसभरातले फोटो मोठे करून बघा. जागेवर न दिसलेला एखादा 'यवनस' फोटोतल्या आडव्या सावलीत हमखास सापडतो.